शिबिराच्या कागदावर चिडचिड आणि दारूही हवी

महोदय,

ठाण्यातल्या गृहसंकुलांत आणि ऐरोली-महापेच्या कंपन्यांत हल्ली आरोग्य शिबिरात रक्तदाब, साखर तपासताना मानसिक आरोग्याचाही एक कागद भरून घेतात. ही चांगली सुरुवात आहे. हा कागद म्हणजे बहुधा पीएचक्यू-९ ही नैराश्य तपासणारी प्रश्नावली. गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, बेरीज १० किंवा जास्त आली तर डॉक्टरांकडे पाठवायचे. मन उदास आहे का, झोप, भूक, थकवा, स्वतःविषयी वाईट वाटणे, मरणाचे विचार हे सगळे त्यात आहे. चिडचिड आणि दारू यांवर मात्र एकही प्रश्न नाही, आणि पुरुषांचे नैराश्य बऱ्याचदा तिथेच दिसते.

मुले वयात येईपर्यंत मुलगे आणि मुलींत नैराश्याचे प्रमाण जवळपास सारखे असते. पुढे ते मुलींत वाढत जाऊन साधारण दुप्पट होते. त्यामागे संप्रेरके आहेत, तशी घरातली जबाबदारी, हिंसा आणि मनातल्या मनात तेच तेच घोळवण्याची सवयही आहे. आता दुसरी बाजू पाहा. २०२२ साली देशात आत्महत्या केलेल्या १,७०,९२४ जणांपैकी १,२२,७२४ पुरुष होते. आजार बायकांत दुप्पट आणि जीव देणाऱ्यांत शंभरातले बहात्तर पुरुष! याची कारणे अनेक आहेत, पण पुरुषांचा आजार वेळेवर ओळखला न जाणे हे त्यातले मोठे. स्वीडनच्या गॉटलंड बेटावर १९८३-८४ मध्ये फॅमिली डॉक्टरांना नैराश्य ओळखण्याचे प्रशिक्षण दिले गेले. आत्महत्या घटल्या, पण मुख्यतः स्त्रियांच्या. पुरुषांच्या आकड्यात फारसा फरक पडला नाही. त्यानंतर तिथे राग, दारू, बेदरकारपणा विचारणारी १३ प्रश्नांची वेगळी पट्टी तयार झाली. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात ही लक्षणे नेहमीच्या लक्षणांत मिळवल्यावर स्त्री-पुरुषांतली तफावत जवळजवळ नाहीशी झाली.

स्त्री-पुरुषांतली ही रेघ पक्की नाही, हेही सांगायला हवे. रागावणाऱ्या बायका आहेत, रडणारे पुरुष आहेत. बायकांचा आजारही 'अंग दुखतं, अशक्तपणा आहे' यामागे वर्षानुवर्षे दडून राहतो. त्यांच्यात हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासल्याशिवाय पुढे जाऊच नये. २०२२ मध्ये देशात आत्महत्या केलेल्या स्त्रियांत निम्म्याहून अधिक गृहिणी होत्या, आणि कंपनीचे शिबिर त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही.

शिबिरातल्या टेबलापाशी काय होते ते बघा. मागे रांग, शेजारी सहकारी. माणूस उभ्या उभ्या अर्ध्या मिनिटात नऊच्या नऊ शून्यांवर खुणा करतो. म्हणून कागद बसून, आडोशाला भरू द्यावा आणि त्यात चार प्रश्न वाढवावेत. पहाटे तीन-चारला जाग येऊन पुन्हा झोप लागत नाही का? घरात किंवा गाडी चालवताना भडका उडतो का? गेल्या महिन्यात किती वेळा 'बसलात', आणि एकट्याने किती वेळा? छातीत भरून येते, ॲसिडिटी जात नाही, पण ईसीजी आणि बाकी तपासण्या नॉर्मल आल्यात का? 'उदास वाटतं का' याला नाही म्हणणारा माणूस यांची खरी उत्तरे देऊ शकतो, कारण इथे मोजता येणारी गोष्ट विचारलेली असते.

घरच्यांनीही समोर बसवून 'तुला झालंय तरी काय' असे विचारू नये. तलावपाळीला एक फेरी मारताना, नजर समोर असताना, बोलणे सुटते. जीव नकोसा झालाय का, हे स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात भरवला जात नाही. उत्तर 'हो' आले तर त्याला एकटे सोडू नये, घरातली औषधे दुसऱ्याच्या ताब्यात द्यावीत आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

उपचार बऱ्याचदा फसतात ते गोळ्या मध्येच सोडल्याने. पहिल्या आठवड्यात मळमळते, गुण मात्र दोन ते चार आठवड्यांनी दिसू लागतो. पाचव्या दिवशी पाकीट कपाटात जाते. बरे वाटल्यावरही किमान सहा महिने गोळ्या चालू ठेवायच्या असतात. काही गोळ्यांनी लैंगिक इच्छा कमी होते. पुरुष हे डॉक्टरांना सांगत नाहीत, गुपचूप गोळी बंद करतात. सांगितले तर डॉक्टर गोळी किंवा डोस बदलून देतात. डॉक्टरांनीही वाट न पाहता हा प्रश्न आपणहून विचारावा.

'याला ठाण्याला पाठवा' ही थट्टा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, त्यामुळे १९०१ पासूनच्या इथल्या मनोरुग्णालयाची पायरी चढायला ठाणेकरच कचरतात. ओपीडीत दाखवून, गोळ्या घेऊन माणूस त्याच दिवशी घरी जातो. तेवढेही जमत नसेल तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो, तिथे मराठीत बोलता येते. शिबिर घेणाऱ्या प्रत्येक सोसायटीने आणि कंपनीने तो त्याच कागदाच्या तळाशी ठळक छापावा.

– दोन समुपदेशक, ठाणे (पश्चिम)