जुन्या कपड्यांना बाजारात एक खोली द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

यंदा चवथीच्या आठ दिवस आधी आमच्या वाड्यावर, कचऱ्याची गाडी थांबते त्या कोपऱ्याला, कपड्यांनी भरलेल्या सात पिशव्या पावसात भिजत पडल्या होत्या. चवथीआधी घरं झाडली जातात, कपाटं रिकामी होतात, हे दरवर्षीचंच. पण एका पिशवीतून बाहेर आलेली बाही मी ओळखली. ती मीच शिवलेली होती. बॉटल ग्रीन रंगाचा सुती कुर्ता, मनगटाला दोन बोटं रुंद पट्टी, तिच्यावर कापडाच्याच तीन गुंड्या. मी तो ओढून काढला. एकही गुंडी निसटलेली नव्हती. मुंढ्याची शिवण शाबूत होती. दोन्ही कुशींना दीड-दीड इंच माया, म्हणजे शिवणीच्या आत जास्तीचं कापड, सोडली होती, तीही आत तशीच दुमडलेली. जिच्यासाठी शिवला ती मुलगी आता अंगाने भरली असणार. ती माया उसवून कुर्ता सहज दोन साइझ सैल झाला असता. अर्ध्या तासाचं काम होतं.

मी फोंड्यात ३४ वर्षं शिवणकाम करते. कपडा हातात घेतला की आधी उलटा करून बघायची सवय आहे. त्या दिवशी छत्री खांद्यावर टेकवून सातही पिशव्या उघडून पाहिल्या. बुरशी धरलेले, फाटलेले, विटलेले कपडे होतेच. पण निम्म्याहून जास्त कपडे असे होते, की धुऊन इस्त्री केली तर कुणीही लग्नाला घालून जावं. एका साडीची तर घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

कचऱ्याच्या गाडीवरच्या मुलाला मी दोष देत नाही. भिजलेलं कापड तो कुठे वेगळं काढत बसणार? गोव्यातला ज्याचा पुन्हा उपयोग होत नाही असा सुका कचरा गठ्ठे बांधून कर्नाटकातल्या सिमेंट कारखान्यांत भट्टीच्या जळणासाठी जातो. त्या कुर्त्याची वाटही तीच होती. एका सुती टी-शर्टामागे, कापूस पिकवण्यापासून धरलं तर, सुमारे २७०० लिटर पाणी लागतं असं डब्ल्यूडब्ल्यूएफ ही निसर्गरक्षणाचं काम करणारी संस्था सांगते. कुर्त्याला कापड त्याहून जास्त लागतं. आणि वर माझी दीड दिवसाची मेहनत, ती कुठल्या हिशेबात धरायची?

'मग दान का करत नाही' असं कुणी म्हणेल. केलं आहे. दोन वर्षांपूर्वी आषाढात तीन पिशव्या कपडे धुऊन, बटणं लावून, इस्त्री करून एका संस्थेत नेऊन दिले. 'तिथे कोपऱ्यात ठेवा' म्हणाले. महिन्याने दुसऱ्या कामासाठी तिथे गेले, तर माझ्या पिशव्यांवर आणखी वीस-पंचवीस पिशव्या रचलेल्या, आणि सगळ्या खोलीला कुबट वास. माझ्या पिशवीतल्या पांढऱ्या शर्टांवर बुरशीचे काळे ठिपके पडले होते. ते डाग कशानेच जात नाहीत. वाईट वाटलं, पण त्या लोकांचीही अडचण कळली. लोक चांगल्या कपड्यांबरोबर फाटक्या बनियनी नि तेलकट फडकीही आणून टाकतात. निवडायला माणूस नाही, त्याला द्यायला पगार नाही. फुकट आलेल्या कपड्याला वाली नसतो. म्हणूनच माझं म्हणणं आहे की जुने कपडे वाटू नयेत, विकावेत.

हे मी तिकडे पाहिलं. मुलगी इंग्लंडमध्ये नर्स आहे, तिच्याकडे तीन महिने राहिले होते. तिच्या गावात मुख्य रस्त्यावर चार चॅरिटी शॉप. लोक वापरलेले कपडे आणून देतात, आतल्या खोलीत निवृत्त बायका ते निवडतात, वाफेच्या इस्त्रीखाली काढतात, साइझप्रमाणे हँगरला लावतात, किमतीची चिठ्ठी टाचतात. पडदा लावलेली ट्रायल रूमही असते. जो पैसा येतो तो त्या संस्थेच्या कामाला. कामवाल्या बायका, कॉलेजची मुलं आणि मुलीच्या हॉस्पिटलमधल्या डॉक्टरीणबाई एकाच रॅकवर कपडे सरकवताना मी पाहिल्या. कुणाच्या चेहऱ्यावर लाज नव्हती.

तिथे आठ पौंडांना मी एक लोकरीचा कोट घेतला. दुकानातच उलटा केला. अस्तर हातशिलाईने लावलेलं, टाके इतके बारीक की नख फिरवलं तरच लागत होते. खालून दुसरं बटण मात्र कुणीतरी नंतर लावलेलं. बाकीच्यांना काळा दोरा, याला निळा. पण लावणाऱ्या बाईने बटणाखाली दोरा गुंडाळून नीट देठ केला होता, म्हणजे जाड कापड बटणाखाली चुरगळत नाही. त्या अनोळखी बाईला शिवणकाम येत होतं आणि त्या कोटाची तिला पर्वा होती. मी तो निळा दोरा बदललेला नाही.

अमेरिकेत अशा दुकानांना थ्रिफ्ट स्टोअर म्हणतात. तिथल्या गुडविल संस्थेची सुरुवात १९०२ साली बॉस्टनमध्ये झाली. एका पाद्र्याने सुखवस्तू घरांतून जुने कपडे गोळा केले, बेकार लोकांकडून ते दुरुस्त करून घेतले, त्यांना मजुरी दिली आणि मग ते विकले. ही मजुरीची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आपल्याकडे शिवणक्लास केलेल्या किती मुली मशीन झाकून घरी बसल्या आहेत. रेडीमेड आल्यापासून नवीन शिवायला कोण येतं? चेन बदलणं, कुशी सैल करणं, उंची कमी करणं, हेच काम उरलंय.

आपल्याला हे परकं आहे असंही नाही. माझं माहेर बेळगावचं. तिथे बोहारीण दारात यायची, आई तिच्याशी तासभर घासाघीस करून दोन साड्यांवर एक पातेलं घ्यायची. आजीच्या जुन्या लुगड्यांची गोधडी व्हायची. नव्या बाळाच्या अंगाला पहिलं कापड लागायचं ते जुनंच, मऊ झालेलं. आणि गोव्यात तर हणजूणचा बुधवारचा बाजार उभा राहिला तोच हिप्पींच्या जुन्या वस्तूंवर. परतीच्या भाड्याला पैसे हवेत म्हणून ते स्वतःचे कपडे नि सामान किनाऱ्यावर मांडून विकत. आता तिथे बहुतेक नवा माल असतो, ते सोडा.

'कुणाचं अंगातलं असेल, मेलेल्या माणसाचं असेल,' हे मला रोज ऐकायला मिळतं. या भावनेला मी हसत नाही. माझ्या सासूबाईंची पातळं मीही वर्षभर पेटीतून काढली नव्हती. पण मॉलमधला नवा ड्रेस तुमच्याआधी दहाजणींनी ट्रायल रूममध्ये चढवून उतरवलेला असतो, आणि तो आपण न धुता घालतो. जुना कपडा तरी गरम पाण्यातून काढून, कडक उन्हात वाळवून, इस्त्री फिरवून घेता येतो. आतले कपडे मात्र घेऊच नयेत, हा नियम पक्का हवा.

गेल्या उन्हाळ्यात मी माझ्यापुरता प्रयोग केला. माझ्याकडे शिवायला टाकून कधीच न नेलेले कपडे होते, त्यात शेजारणींनी दिलेले मिळवले. सगळे दुरुस्त करून रविवारी दुकानापुढे दोरीवर लावले. पहिल्या रविवारी 'हवं ते न्या' अशी पाटी होती. कुणी हात लावला नाही. काजूच्या कारखान्यात काम करणारी एक बाई बराच वेळ एका निळ्या पंजाबी ड्रेसकडे बघत उभी होती. मी म्हटलं, घे गं. ती म्हणाली, "फुकट नाका गे बाय. कितलें तें सांग." मी ऐंशी सांगितले. तिने ड्रेस उलटा केला, काखेतली शिवण दोन्ही अंगठ्यांनी ताणून पाहिली, ओढणीची किनार पाहिली आणि साठ म्हणाली. सत्तरला सौदा झाला. पैसे मोजून दिल्यावर तिने ड्रेस अंगाला लावून माझ्या आरशात पाहिला. पुढच्या रविवारी मी सगळ्यांवर चिठ्ठ्या लावल्या, तीस रुपयांपासून दीडशेपर्यंत. दुपारपर्यंत दोरी अर्धी रिकामी. ती बाई दोन मैत्रिणींना घेऊन आली होती. कॉलेजच्या मुली आल्या, त्यांना तर जुन्या जीन्सच हव्या होत्या.

पण पावसाळ्यात दोरीवर दुकान चालत नाही. म्हणून माझी फोंडा पालिकेला विनंती आहे, बाजारात एक कोरडी खोली द्या. महिलांच्या एखाद्या स्वयंसहाय्य गटाला ती चालवू द्या. कपडे धुतलेलेच घ्यावेत, दारातच निवडून फाटके परत करावेत, दुरुस्ती करणाऱ्या मुलीला नगावर मजुरी मिळावी. दोन महिन्यांत न विकलेले कपडे वजनावर चिंधीवाल्याला जावेत. पानिपतला जुन्या लोकरी कपड्यांपासून सूत काढून ब्लँकेटं करणारे कारखाने कित्येक वर्षं चालू आहेत, म्हणजे चिंधीलाही गिऱ्हाईक आहे. आणि वाचकांना विनंती, पिशवी रस्त्यावर ठेवायच्या आधी एकदा उघडून कपडे उलटे करून बघा. कुशीत माया असेल तर तो कपडा अजून कुणाच्या तरी अंगाला येईल.

खोली मिळाली तर दर रविवारी सकाळी नऊ ते बारा मी तिथे बसेन, शिवणी तपासायला आणि बटणं लावायला. पैसे नकोत. माझी पायाची जुनी मशीनही तिथेच ठेवीन, तेल घालून ठेवलेली आहे. तो हिरवा कुर्ता धुऊन, कुशी सैल करून माझ्या दुकानात खुंटीला लावलाय. चिठ्ठीवर नव्वद लिहिले आहेत.

आपली,
शिवणकाम करणारी एक वाचक, फोंडा