पियानोवर बसणाऱ्या मित्रास

प्रिय मित्रा,

‘सुव्हेनिअर’ या नाटकात गायिका फ्लॉरेन्स फॉस्टर जेन्किन्सच्या पियानोच्या साथीदाराचं, कॉस्मे मॅकमूनचं काम तुला मिळालं, हे वाचून किती आनंद झाला म्हणून सांगू! पण त्याच पत्रात तू पुढे लिहिलंयस, ‘मला काय, पियानोवर बसून तोंडं वेडीवाकडी करायची, हशे सगळे बाई घेणार.’ ते वाक्य दोन दिवस डोक्यातून जाईना. फोनवर हे नीट बोलता आलं नसतं, म्हणून लिहितोय.

तुझी भूमिका कळल्यावर मी बेसूर गाण्यासाठीच गाजलेल्या त्या अमेरिकन बाईंची, फ्लॉरेन्सची, जुनी रेकॉर्डिंगं पुन्हा काढली. मोत्झार्टच्या ‘मॅजिक फ्लूट’मधलं रात्रीच्या राणीचं गाणं लावलं. वरच्या पट्टीतल्या त्या तुटक, टोकदार सुरांवर भल्याभल्या गायिकांची दमछाक होते, आणि ही बाई बेधडक तिथे उडी घेते. एकही सूर धड लागत नाही. पहिल्यांदा मी पोट धरून हसलो, दुसऱ्यांदाही हसलो. तिसऱ्यांदा मात्र तिचा आवाज बाजूला ठेवून फक्त पियानो ऐकला. अरे, काय साथ केलीय त्या माणसाने! ती मागे रेंगाळली की तो थांबतो. ती मात्रा खाऊन पुढे पळाली की हाही पळतो आणि ती जिथे उतरेल तिथेच सम आणून ठेवतो. तिला कुठेही उघडं पडू देत नाही. तुझी भूमिका ही आहे.

बाईंबद्दल थोडं सांगतो, कारण तालमीत सगळे तिला नुसती विक्षिप्त श्रीमंत बाई समजतील. ती १८६८ची, पेन्सिल्व्हेनियातल्या विल्क्स-बॅरीची. लहानपणी पियानो चांगला वाजवायची. संगीत शिकायला परदेशी पाठवायला वडिलांनी नकार दिला, तेव्हा ती एका डॉक्टरबरोबर पळून गेली. त्या लग्नातून तिला सिफिलिस मिळाला. पुढे हाताच्या दुखापतीमुळे पियानोही सुटला. १९०९ साली वडील गेले, हातात पैसा आला, आणि ही बाई चाळिशी उलटल्यावर गाणं शिकायला बसली. त्या आजाराचा आणि त्यावरच्या जहाल औषधांचा तिच्या कानांवर परिणाम झाला असावा, असं काहींना वाटतं. ते असो वा नसो, गाण्याची भूक तिला आयुष्यभर होती, एवढं मला दिसतं.

१९१७ साली तिने न्यूयॉर्कमध्ये संगीतप्रेमींचा ‘व्हर्डी क्लब’ काढला. रिट्झ-कार्ल्टन हॉटेलातल्या तिच्या वार्षिक मैफलींची तिकिटं ती स्वतः, ओळखीपाळखीतच द्यायची. ‘क्लाव्हेलितोस’ हे स्पॅनिश गाणं गाताना टोपलीतली फुलं प्रेक्षकांत उधळायची, आणि वन्समोअर मिळाला की तीच फुलं गोळा करून आणायला लावायची, पुन्हा उधळायला. यावर हसायला येतंच, यायलाच हवं. नाटक विनोदी आहे, ते विनोदीच राहू दे.

पण विनोद कुठून येतो ते बघ. बाईला आपण उत्तम गातोय याची खात्री आहे, मॅकमूनला सत्य माहीत आहे, आणि तो बोलत नाही. प्रेक्षक तिचं गाणं ऐकताना बघतात तुझ्याकडे. पहिल्याच गाण्याला तू भुवया उंचावून त्यांना डोळा मारलास, की तू त्यांच्यात जाऊन बसलास आणि ती रंगमंचावर एकटी पडली. मग उरते एका म्हातारीची टिंगल. आधी नुसता मान खाली घालून सूर सांभाळ. हात एक क्षण पट्ट्यांवर अडकू दे आणि लगेच पुढे जा. हशा आपोआप येईल, आणि तो तिच्या बाजूचा असेल.

तुझ्या सहकलाकारालाही सांग, मुद्दाम वाईट गायचं नाही. प्रत्येक वेळी बरोबर सुरावर नेम धरायचा आणि केसभर चुकायचं. त्यासाठी आधी तो सूर गळ्यात पक्का हवा. २००५ साली हेच नाटक ब्रॉडवेवर आलं तेव्हा ज्युडी के या कसलेल्या गायिकेने फ्लॉरेन्स केली, ते उगीच नाही. शेवटी ‘आवे मारिया’ हे प्रार्थनागीत येतं ना, तिथे तिने खरोखर सुंदर गायचं आहे, कारण तिला स्वतःचं गाणं आत तसंच ऐकू येत होतं. नाटककार टेम्परलीने ही जागा लिहिली म्हणून मी त्याला मानतो. गळ्यात काहीच नसलेली नटी तिथे काय करणार?

कार्नेगी हॉलचा प्रसंग घाईने उरकू नका. २५ ऑक्टोबर १९४४, बाईंचं वय ७६. सुमारे २,८०० खुर्च्यांचं ते सभागृह पूर्ण विकलं गेलेलं. इतकी वर्षं समीक्षकांना दूर ठेवलं होतं, त्या रात्री ते आत होते, आणि त्यांनी लिहायचं तसंच लिहिलं. काही दिवसांत तिला हृदयविकाराचा झटका आला, २६ नोव्हेंबरला ती गेली. त्या रात्री तिच्या मागे बसून वाजवताना मॅकमूनच्या कानावर तो सभागृहभरचा हशा कसा पडला असेल? वीस वर्षांनी, १९६४ साली, तो एका क्लबात बसून हे सगळं आठवतो, अशी नाटकाची मांडणी आहे. म्हणजे पहिल्या वाक्यापासून तुझ्या आवाजात ती रात्र असायला हवी. तालमीत निदान एकदा हा प्रसंग हशासकट करून बघा, चारपाच जणांना समोर बसवून खरंच मोठ्याने हसायला लावा, आणि तू वाजवत राहा.

पियानोचा रियाज सुरू केलास का? दिग्दर्शक ध्वनिमुद्रित साथ लावू म्हणाले तर भांड. ती चुकते तिथे तुझ्याच बोटांनी थांबायला हवं.

प्रयोगाची तारीख ठरली की लगेच कळव. मला मधली खुर्ची नको, कडेची ठेव, जिथून तुझे हात दिसतील.

तुझाच मित्र