‘सोशिक आई’ एवढंच?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रीमा लागूंच्या स्मृतिदिनानिमित्त कालच्या पुरवणीत आलेला लेख वाचला. अर्धं पान दिलंत, त्याबद्दल आभार. पण त्यावरचं ‘पडद्यावरची सोशिक आई’ हे शीर्षक वाचून लेखकाने नक्की कुठला पडदा पाहिला, असा प्रश्न पडला. बहुधा सलमान खानच्या चित्रपटांची यादी समोर ठेवली, प्रत्येकावर दोन ओळी लिहिल्या आणि लेख झाला. टीव्हीसाठी एक वाक्य: ‘त्यांनी काही मालिकांमध्येही काम केले.’ काही!

आधी आईबद्दलच बोलू, कारण लेखात तेही धड नाही. रीमाताईंचा जन्म २१ जून १९५८चा. ‘कयामत से कयामत तक’ लागला तेव्हा त्यांना तिशीही लागली नव्हती आणि पडद्यावर त्या जुही चावलाच्या आई होत्या. ‘गुमराह’मध्ये ज्या श्रीदेवीच्या आई, ती त्यांच्याहून पाचच वर्षांनी लहान. ‘वास्तव’मधला संजय दत्त तर जेमतेम तेरा महिन्यांनी. हे आकडे गंमत म्हणून देत नाही. जवळपास आपल्याच वयाच्या नटाची आई दिसायचं तर कानशिलावर पांढरा रंग फासून आणि आवाज थरथरवून भागत नाही. तसा पांढरा रंग जवळच्या शॉटमध्ये खडूसारखा दिसतो आणि थरथरणारा आवाज दुसऱ्या वाक्यात विसरला जातो. वय दिसतं ते हालचालीच्या वेगात आणि समोरच्याकडे बघण्यात. खुर्चीतून उठताना आधी हात टेकतात की आधी पाय उचलला जातो, मुलगा बोलत असताना त्याच्या तोंडाकडे पाहतात की त्याच्या अंगावरच्या कपड्यांकडे, अशा गोष्टींत. रीमाताई जुजबी रंगभूषेत चाळिशीपलीकडच्या वाटत, त्या यामुळे.

शिवाय त्या काळी हिंदी चित्रपटांचे संवाद बहुधा नंतर स्टुडिओत डब व्हायचे. सेटवर रडून झाल्यावर काही महिन्यांनी माइकसमोर उभं राहून पुन्हा तेच रडायचं, तेही पडद्यावरच्या ओठांशी आणि श्वासाशी जुळवून. ओठ बरेच जण जुळवतात. श्वास सुटला की मात्र हुंदका चिकटवल्यासारखा वाटतो. रीमाताईंचा हुंदका तसा वाटत नाही. आणि त्या ‘वास्तव’चा शेवट? मुलाच्या विनवणीवरून का होईना, त्याच्यावर गोळी झाडणारी आई आपल्याकडे सोशिकांत मोडत असेल, तर व्याख्या एकदा छापून टाकावी. त्याच वर्षीच्या ‘हम साथ-साथ हैं’मध्ये मैत्रिणींचं ऐकून सावत्र मुलाशी दुजाभाव करणारी आईही त्यांचीच. फिल्मफेअरचं नामांकन चार वेळा मिळालं, बाहुली एकदाही नाही. लेखात हेही नाही.

पण खरा राग टीव्हीवरून आहे. ५ ऑगस्ट १९९४ रोजी ‘हम आपके हैं कौन’ आला. त्याच वर्षी छोट्या पडद्यावर ‘श्रीमान श्रीमती’ आणि ‘तू तू मैं मैं’ सुरू झाल्या. म्हणजे थिएटरात माधुरी आणि रेणुकाची गोड आई, आणि घरी टीव्ही लावला की दिलरुबा नावाचा शेजारी जिच्यावर लट्टू आहे ती ‘श्रीमान श्रीमती’तली कोकी कुलकर्णी! तिसरीकडे ‘तू तू मैं मैं’मध्ये सुनेशी शब्दाला शब्द भिडवणारी सासू, तीही वयाच्या छत्तिसाव्या वर्षी. सून झालेल्या सुप्रिया पिळगांवकर त्यांच्याहून नऊ वर्षांनी लहान. एकाच वर्षात इतक्या वेगळ्या तीन बायका उभ्या करणाऱ्या किती नट्या लेखकाला माहीत आहेत?

त्या मालिका ‘हलक्याफुलक्या’ म्हणून सोडून दिल्या असतील तर सांगते. विनोदी मालिकेत प्रेक्षक समोर नसतो. नाटकात हशा चढतो, टोकाला जातो आणि उतरू लागतो. तो पुरता विरायच्या आत नट पुढचं वाक्य टाकतो. ते त्याला कानाने कळतं. सेटवर मात्र सगळे तोंड दाबून गप्प, आणि हशा नंतर संकलनात भरायचा. नटाने जागा ठेवली नाही तर तो हशा पुढचं वाक्य खातो. जास्त ठेवली तर दोन माणसं संवाद विसरून एकमेकांकडे बघत उभी आहेत असं दिसतं. न आलेला हशा मनातल्या मनात मोजून थांबावं लागतं, आणि थांबताना काहीतरी करावंही लागतं. रीमाताई ती फट नजरेने भरत. आधी सुनेकडे, मग मुलाकडे, मग पुन्हा सुनेकडे. संकलकाला कापायला आयती जागा मिळते आणि प्रेक्षकाला वाटतं, सासू उत्तर शोधतेय.

भांडणाचं तर आणखी अवघड. खऱ्या भांडणात दोघी एकाच वेळी बोलतात. पण एकीचा क्लोजअप चालू असताना दुसरीचं वाक्य त्यावर चढलं, तर ध्वनी मिसळतो आणि तो तुकडा दुसऱ्या टेकशी जोडता येत नाही. म्हणून दोघी एका चौकटीत असतील तेव्हा वाक्यावर वाक्य चढवायचं, आणि क्लोजअपमध्ये केसभर अंतर ठेवायचं. ते अंतर ठेवूनही भांडणाचा वेग उतरू द्यायचा नाही. त्यात हातात काम असेल, म्हणजे साडीची घडी किंवा भाजी, तर मास्टर शॉटमध्ये, म्हणजे सगळा प्रसंग सलग घेतलेल्या शॉटमध्ये, ज्या शब्दावर घडी मोडली त्याच शब्दावर प्रत्येक टेकला मोडायची. नाहीतर कट केल्यावर घडी आपोआप उलगडलेली दिसते. सचिन पिळगांवकरांच्या दिग्दर्शनात या दोघी हे वर्षानुवर्षं करत होत्या. आजच्या दैनंदिन मालिकांत आठवड्याला पाच-सहा भाग द्यायचे आणि भागांची बँकही, म्हणजे आगाऊ चित्रित भागांचा साठाही, भरायची असते. मग भांडण म्हटलं की एक बोलते, संगीत वाजतं, तिघींचे चेहरे दिसतात, मग दुसरी बोलते. त्याला भांडण म्हणायचं की हजेरी?

हे कसब कुठून आलं याचाही लेखात पत्ता नाही. आई मंदाकिनी भडभडे रंगभूमीवरच्या, ही मुलगी लहानपणी ‘बेबी नयन’ म्हणून कॅमेऱ्यासमोर, पुढे बँकेची नोकरी सांभाळून नाटकं. जयवंत दळवींच्या ‘पुरुष’मधली अंबिका आठवा. अत्याचार करणाऱ्या गुलाबरावावर स्वतःच्या हाताने सूड उगवणारी. समोर नाना पाटेकर. ‘सविता दामोदर परांजपे’मध्ये तर झपाटलेली बाई, एका देहात दोघी. यातली सोशिक कोण ते लेखकाने कळवावं.

शेवटची मालिका ‘नामकरण’. त्यातली दयावंती नावापुरतीच दयावंत. नातवंडाला मायेने जवळ घेणारी आजी मिळाली असती तर रीमाताईंना ती झोपेतही जमली असती, पण वाट्याला आली खलनायिका आणि ती त्यांनी तशीच करकरीत ठेवली. मृत्यूच्या आदल्या दिवशीपर्यंत त्या तिच्या चित्रीकरणात होत्या, हे तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांत आलं होतं. आपल्याही. जुना अंक काढून पाहायला हरकत नव्हती.

जाता जाता, लेखासोबतच्या छायाचित्राखाली ‘हम आपके हैं कौन’ असं छापलं आहे. शेजारी उभे आहेत ते राजीव वर्मा, म्हणजे चित्र ‘मैंने प्यार किया’चं. ‘हम आपके’मध्ये रीमाताईंचे यजमान अनुपम खेर आहेत. दोघांत गोंधळ होण्यासारखं साम्य मला तरी दिसत नाही. कृपया दुरुस्ती छापावी, आणि आतल्या पानावर मुंगीच्या अक्षरात नको, त्याच पुरवणीत छापावी.

आणि पुरवणीचा विषय निघालाच आहे तर, रविवारचं नाट्यपरीक्षण न सांगता बंद केलंत. त्या जागी आता कोणत्या तारकेने विमानतळावर काय घातलं होतं ते येतं. नवं नाटक कसं आहे, ते जाहिरातीवरून ओळखायचं का? ‘पुरुष’सारख्या नाटकाचं परीक्षण त्या काळी छापून आलं नसतं, तर अंबिका कुणी केली हे आज आम्ही कुठे शोधलं असतं? ते सदर पुन्हा सुरू होणार आहे की नाही, एवढं तरी कळवावं.

कळावे,
आपली नियमित वाचक