चौकोनी खोडावरून कूळ ठरत नाही

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत अमेरिकेतील इलिनॉय राज्यातल्या प्रेअरीवरील, म्हणजे गवताळ मैदानावरील, एका जांभळ्या रानफुलाचे छायाचित्र छापून, चौकोनी खोड आणि समोरासमोर पाने यांवरून ते तुळशीच्या कुळातील असल्याचे म्हटले आहे. या दोन्ही खुणा तुळशीच्या कुळात असतात हे खरे. परंतु आपल्या घाणेरीचे खोडही चौकोनी असते, पानेही समोरासमोर असतात, आणि छायाचित्रातील वनस्पती घाणेरीच्याच, म्हणजे व्हर्बेनेसी कुळातील आहे.

वासावरूनही हा निवाडा होत नाही, कारण घाणेरीलाही उग्र वास असतो. पाहायचे ते फूल. तुळशीच्या फुलाला वरचा आणि खालचा असे दोन स्पष्ट ओठ असतात. छायाचित्रातील वनस्पती ज्या गटात मोडते त्या व्हर्बेनाच्या फुलात आखूड नळीवर जवळपास सारख्याच पाच पाकळ्या पसरलेल्या दिसतात. भिंगातून पाहिल्यास तुळशीच्या कुळात बहुधा कुक्षिवृंत, म्हणजे स्त्रीकेसराचा दांडा, अंडाशयाच्या चार भागांच्या बेचक्यातून निघतो, व्हर्बेनात तो अंडाशयाच्या माथ्यावरून निघतो.

छायाचित्रातील पाने रुंद, जवळजवळ बिनदेठाची आणि पांढुरक्या लवेने भरलेली आहेत, मागची जमीनही कोरडी आहे. त्यामुळे ही व्हर्बेना स्ट्रिक्टा, म्हणजे होअरी व्हर्वेन, असे मी खात्रीने म्हणतो. तिची पाने कडू असल्याने गुरे तिला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून चरून उजाड झालेल्या कुरणातही ती टिकते.

तिची बहीण ब्लू व्हर्वेन, म्हणजे व्हर्बेना हॅस्टाटा, ओलसर जागी वाढते. तिची पाने अरुंद, देठाची आणि दातेरी कडांची असतात, तिचे तुरे दीपमाळेसारखे वर उभे राहतात आणि प्रत्येक तुऱ्यावर फुलांचे एक कडे खालून वर सरकत जाते. युरोपातून येऊन पाणथळ जागा व्यापणारी पर्पल लूसस्ट्राइफ समजून तिला उपटले जाण्याचा धोका असतो, तोही ओळखीच्या घाईमुळेच. लूसस्ट्राइफच्या पानांना दाते नसतात आणि फुलाला बहुधा सहा चुरगळलेल्या पाकळ्या असतात. हात घालण्यापूर्वी एवढे पाहिले तरी पुरते. इलिनॉयमधील मूळ प्रेअरीचा हजारातला एक भागही आज चांगल्या स्थितीत उरलेला नसताना तिथली देशी झुडपे अशी जाणे मला फार लागते.

येत्या अंकात कुळाची दुरुस्ती छापावी आणि यापुढे अशा छायाचित्रासोबत पानाचा व फुलाचा जवळून घेतलेला तपशीलही द्यावा, ही विनंती.

आपला,
इलिनॉयमधील एक वाचक