ट्रॉलीच्या बैठकीचं कव्हर: मास्तरांना आभाराचं पत्र

आदरणीय मास्तर,
सप्रेम नमस्कार.

खरेदीच्या ट्रॉलीत लहान मुलाला बसवतात त्या जागेचं कापडी कव्हर शिवायला तुम्ही आम्हाला शिकवलंत. त्याचे आभार चारचौघांत मानावेत म्हणून हे पत्र. मापंही इथेच लिहितो आहोत. तुम्ही हातचं काही राखलं नाहीत, मग ती आमच्यापुरतीच का ठेवायची?

आमच्या म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मूल कडेवरच असतं, तिथे याची गरज नाही. पण मोठ्या दुकानातल्या ट्रॉलीची थंड, टोचरी जाळी आणि मूल हमखास तोंड लावतं तो दांडा, दोन्ही झाकायला हवेत.

तुमचं पहिलं सांगणं सगळ्यांत मोलाचं होतं: माप मुलाचं नाही, ट्रॉलीचं घ्या. जुनी चादर आधी दांड्यावरून बाहेर सोडायची, मग आत बैठकीवरून नेऊन पाठीमागे टाकायची. पाय जिथून बाहेर येतात आणि पट्टा जिथून निघतो, त्या जागा खडूने आखायच्या. ट्रॉली-ट्रॉलीत फरक असतो. अंदाजाने भोकं कापली तर मधली दांडी नेमकी भोकाआड येते आणि पायच बाहेर निघत नाही.

४४ इंच पन्ह्याचं घट्ट विणीचं सुती कापड दीड मीटर, अस्तर तेवढंच. दोन्ही आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्यायची. नाहीतर पहिल्याच धुण्यात वरचं कापड आटतं आणि अस्तर फुगतं. मग ५० × ३६ इंचांचे दोन तुकडे. पॉलिएस्टर वॅडिंग, म्हणजे मधे घालायचा मऊ थर, मात्र ४७ × ३३. ही तीन इंचांची तूट आम्हाला स्वतःहून सुचली नसती. वॅडिंग काठापर्यंत नेली की नेफा जाड होतो आणि इलॅस्टिक त्यात सरकतच नाही.

वॅडिंग पातळच घ्या, हा तुमचा आग्रह आता पूर्ण पटलाय. मऊपणाच्या हौसेने दुहेरी थर घातला की मूल बसल्यावर तो दबतो, आणि घट्ट वाटलेला पट्टा ढिला पडतो. कापसाचं तर नावच नको. गोव्याच्या पावसाळ्यात तो आतून वाळत नाही, गोळे होतात, कुबट वास येतो.

वरचं कापड आणि वॅडिंग यांवर चार-चार इंचांवर टिपा, मधून सुरू करून कडेकडे. कडेकडून आलं की मधोमध चुण्या साठतात. सुई १६ नंबरची, टाका लांब. बारीक सुईने टाके सुटतात. चारही कोपरे चार इंचांच्या गोलाईने कापायचे, अस्तर सुलटला सुलट लावून अर्ध्या इंचावर टीप मारायची, आठ इंच मोकळे ठेवून उलटवायचं आणि ते तोंड शिवायचं.

पायांची भोकं साधारण सहा इंच रुंद, पाच इंच उंच, कोपरे गोल. आधी आखणीवर दोनदा टीप, मगच कात्री, आणि काठाला उरेब, म्हणजे तिरक्या कापलेल्या, पट्टीचा गोट. सरळ पट्टी गोलाईवर वळत नाही, काठ ताठ राहतो आणि मांडीला काचतो. पट्ट्याची दोन काजं दोन इंचांची, मागून कापडाचा जोड देऊन. नुसता पट्टा नाही, त्याचं बक्कलही आरपार गेलं पाहिजे. म्हणून काज कापण्याआधी बक्कल मोजा.

काठापासून एक इंचावर, दोन इंचांचं तोंड सोडून, सगळीकडे टीप मारली की नेफा तयार. त्यात पाऊण इंची इलॅस्टिक, अडीच मीटर. फार ओढलं तर कव्हर दांड्यावरून उडतं, सैल राहिलं तर बैठकीत गोळा होतं. नेफ्याचं ते तोंड मशीनने बंद न करता हाताने टाके घालून बंद करावं; उन्हाने इलॅस्टिक मरतं, तेव्हा बदलायला सोपं. कव्हर सावलीत, अस्तर बाहेर करून वाळवावं.

बटणं, मणी, झालर काहीही लावू नका, हे तुम्ही बजावलंत ते बरं केलंत. खेळणं अडकवायची नाडीही वीतभराहून कमीच. आणि मागायला येणाऱ्या प्रत्येक आईला आम्ही तुमचेच शब्द सांगतो: कव्हर बाळाला धरत नाही, पट्टा धरतो. आधाराशिवाय नीट बसणाऱ्या मुलासाठीच ते आहे. पट्टा दर वेळी काजांतून ओढून लावायचा, आणि ट्रॉलीजवळून हलायचं नाही.

मास्तर, चतुर्थीच्या कामांचा ढीग समोर असताना तुम्ही आमच्यासाठी मशीन थांबवलंत. मनापासून आभार. तुमचा कागदी साचा पुठ्ठ्यावर उतरवून घेतला आहे. मूळ कागद या पत्रासोबत परत पाठवतो आहोत. रुंद बैठकीच्या ट्रॉलीची मापं त्याच्या मागे पेन्सिलीने लिहिली आहेत, तेवढी एकदा तपासून द्या.

आपल्या,
शिवणाच्या वर्गातल्या सगळ्याजणी
म्हापसा, गोवा