कव्हरवरची अक्षरं ओळखून देणाऱ्या काकांना

काका,
स. न. वि. वि.

फोनवर आभार मानले तेव्हा तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून विषय उडवून लावलात. म्हणून हे उघड पत्र. जुन्या रेकॉर्डी जमवणाऱ्या आणखी चार जणांच्या उपयोगी पडेल.

रेकॉर्ड शिकागोची, सोल संगीताची, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची. कव्हरचा उजवा कोपरा वाळवीने फस्त केलेला. त्यात गायकाच्या नावातलं शेवटचं अक्षर गेलं, शीर्षकातली दोन गेली. तेवढी अक्षरं हाताने रेखाटून कोपरा जोडायचा होता, म्हणून मूळ फॉन्ट कोणता ते तुम्हाला विचारलं. फॉन्ट ओळखणारी ॲप्स हाताशी होतीच, पण ती दर वेळी कुठलं ना कुठलं नाव पुढे करतात. 'माहीत नाही' म्हणणं सहसा त्यांच्या रक्तात नाही. तुमचं उत्तर आलं ते असं: "हे एक नाही, तीन वेगळे मामले आहेत."

गायकाचं नाव कूपर ब्लॅक या टाइपात, म्हणजे अक्षरांच्या या वळणात, छापलेलं. तुम्ही म्हणालात, ओ बघ. आतली पोकळी सरळ उभी नाही, मागे रेललेली आहे, आणि अक्षरांच्या पायांना एकही धारदार कोपरा नाही. तो काढणारे ऑझवल्ड कूपर शिकागोचेच. बार्नहार्ट ब्रदर्स अँड स्पिंडलर या तिथल्याच, छपाईचे खिळे ओतणाऱ्या फाउंड्रीने 1922 मध्ये हा टाइप बाजारात आणला. दूरदृष्टीचे छापखानेवाले आणि जवळचंच दिसणारी त्यांची गिऱ्हाइकं यांच्यासाठी हा टाइप आहे, ही त्याची जाहिरात तुम्ही सांगितलीत तेव्हा मी फोनवरच हसत सुटले. तो इतका खपला की लॅन्स्टन मोनोटाइप या कंपनीने अक्षरकार फ्रेडरिक गाउडींकडून गाउडी हेवीफेस हा तसाच टाइप करून घेतला. त्या दोघांत आजही भले भले गोंधळतात.

पण मला खरा धडा मिळाला तो अक्षरांमधल्या जागेचा. नावातली अक्षरं एकमेकांना खेटलेली आहेत, दोन ठिकाणी तर एकमेकांवर चढली आहेत. छपाईचा खिळा म्हणजे एका अक्षराचा शिशाचा ठोकळा, तो शेजारच्या खिळ्यात घुसत नाही. म्हणजे हे काम फिल्मवर फोटोने अक्षरं जुळवल्याचं, नाहीतर लेट्रासेटचं, म्हणजे कागदावर घासून उतरवायच्या तयार अक्षरांचं. आणि लेट्रासेट घासताना अक्षराला बारीक तडे जातात, एखादं किंचित वाकडं बसतं. इथे तसं काही नाही, म्हणून फिल्म. मुंबईच्या जाहिरात स्टुडिओत उमेदीची वर्षं लेट्रासेट घासण्यात घालवलेल्या माणसालाच हे दिसणार! मी आजवर फक्त अक्षरं बघत होते.

शीर्षक विंडसर या टाइपात. उरलेल्या एमचा उजवा पाय बाहेर फाकलाय, एची उजवी रेघही तिरकी, ईची आडवी रेघ कललेली. शेफील्डच्या स्टीफनसन ब्लेकचा हा इंग्रजी टाइप, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा, सत्तरीत पुन्हा फॅशनमध्ये आलेला. गेलेली दोन अक्षरं एच आणि एन, आणि विंडसरमध्ये त्यांचेही पाय असेच तिरके. हे कळल्यावर दोन्ही एका संध्याकाळी काढून झाली.

खालच्या छोट्या ओळीसाठी मात्र तुम्ही नाव दिलंच नाहीत. "तिथले तीनही ई मोजून बघ," म्हणालात. पहिल्याचं तोंड मिटत आलेलं, दुसऱ्याचं उघडं, तिसऱ्याची शेपटी पुढच्या अक्षराखाली गेलेली. टाइप असता तर तिन्ही सारखे असते. कोणीतरी ब्रशने लिहिलंय, शोधत बसू नकोस. माझ्या मते तुमच्या उत्तरातला हाच सगळ्यात मोलाचा भाग. मी ती ओळ कॅटलॉगांत धुंडाळत राहिले असते.

तुम्हाला मागच्या बाजूच्या गाण्यांच्या यादीचीही उत्सुकता होती ना? भिंगाखाली धरून काढलेला फोटो सोबत जोडलाय. छपाई जरा फिकी आहे, पण छोट्या जीचं शेपूट दिसतंय. पुरत नसेल तर सांगा, कव्हरच घेऊन येते.

तुमची,
डिंकाने हात बरबटलेली