दगडी शेण आणि सातबारा

प्रति,
मा. केंद्रीय खाणमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : भू-वारसा कायद्याचा मसुदा आणि आमच्या वावरातले दगड

महोदय,
सप्रेम नमस्कार.

विषयाच्या ओळीत आधी ‘साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचं शेण’ असं लिहिलं होतं. आवक-जावकच्या टेबलावरूनच पत्र केराच्या टोपलीत जाईल, म्हणून खोडलं. पण बोलायचं आहे ते शेणाबद्दलच.

मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोरा तालुक्यातला निवृत्त शिक्षक. आमच्या तालुक्यात पिजदुरा नावाचं गाव आहे. शास्त्रज्ञांच्या लिखाणात त्याचं पिसदुरा होतं. तिथल्या वावरांत वखर फिरला की मातीतून तपकिरी, गोलसर, मुठीएवढे दगड वर येतात. हातात घेतला की वजन जाणवतं. काहींवर घडी पडल्यासारखी रेघ असते, ओलं असताना दाबलं गेल्यासारखी. वखराची पास बोथट होते म्हणून शेतकरी ते उचलून धुऱ्यावर फेकतो. हे डायनोसॉरच्या काळातल्या प्राण्यांचं दगड झालेलं शेण आहे.

त्या शेणाने काय केलं ते सांगतो. गवताच्या पात्याने बोट कापतं, कारण त्याच्या पेशींत सिलिकाचे बारीक कण साठलेले असतात. पान कुजलं, चावलं, पचलं तरी हे कण टिकतात आणि त्यांच्या आकारावरून वनस्पती ओळखता येते. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद, प्रा. अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिजदुऱ्याच्या दगडी शेणात हे कण शोधले. २००५ मध्ये निबंध आला आणि जगभरच्या पाठ्यपुस्तकांना दुरुस्ती करावी लागली. तोवर समज असा होता की डायनोसॉर होते तेव्हा गवत जवळजवळ नव्हतंच. आमच्या वावरातल्या शेणात निदान पाच तऱ्हांचं गवत निघालं. २०११ मध्ये याच अभ्यासातून भाताच्या कुळातल्या गवताच्या खुणाही दाखवल्या गेल्या. पूर्व विदर्भात भात पिकवणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल? मला स्वतःला निवृत्तीनंतर कळलं. छत्तीस वर्षं विज्ञान शिकवून!

आता आपल्या खात्याकडे येतो. डिसेंबर २०२२ मध्ये खाण मंत्रालयाने भू-वारसा स्थळं आणि भू-अवशेष (म्हणजे जीवाश्म वगैरे) यांच्या जतनासाठी विधेयकाचा मसुदा हरकतींसाठी मांडला. मला मिळाला तो इंग्रजीत होता. डिक्शनरी घेऊन बसलो. असा कायदा हवाच. ब्राझीलने १९४२ मध्येच जीवाश्म देशाच्या मालकीचे ठरवले. म्हणून तर तिथून जर्मनीत गेलेला उबिराजारा नावाचा छोटा डायनोसॉर २०२३ मध्ये मायदेशी परत आला. आपल्याकडून असं काही बाहेर गेलं, तर कोणत्या कलमाखाली परत मागणार?

तेव्हा मालकी देशाची असू द्या. माझी हरकत वेगळी आहे. मसुद्यात दंड आहे, तुरुंग आहे, जमीन संपादनाची तरतूद आहे, बरेचसे अधिकार भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे (जीएसआय) आहेत. ज्याच्या वखराखाली दगड येतो तो माणूस मात्र त्यात सापडत नाही. आमच्याकडे संपादन हा शब्द नुसता उच्चारला तरी पारावरची बैठक मोडते. कोळशासाठी गेलेली गावं लोकांनी पाहिली आहेत. उद्या बातमी पसरली की दगड दाखवला तर वावर जातं, तर तो दगड विहिरीत जाईल. कोणी पाहणार नाही, पंचनामा होणार नाही.

हे मी भीती घालायला लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी ओळखीच्या एका शेतकऱ्याला हाडासारखा लांबट दगड सापडला. तो घेऊन आम्ही दोघं एका कार्यालयात गेलो. साहेबांनी चष्मा न लावताच सांगितलं, ‘‘मास्तर, दगड आहे हा.’’ मग त्या शेतकऱ्यालाच विचारलं, ‘‘आणि तू हा खोदलास कोणाच्या परवानगीने?’’ एकाच दमात दगड निरुपयोगी ठरला आणि माणूस गुन्हेगार. परत येताना त्याने तो एसटी स्टँडमागे टाकून दिला. मी उचलायला गेलो तर म्हणाला, ‘‘राहू द्या जी, नसती कटकट.’’ मी उचलला नाही. तेवढंच अजून टोचतं.

उलट उदाहरण मध्य प्रदेशातलं आहे. धार जिल्ह्यात बाग-कुक्षीच्या परिसरात दिल्ली विद्यापीठाच्या संशोधकांना डायनोसॉरची ९२ घरटी आणि २५६ अंडी सापडली. २०२३ च्या जानेवारीत ते प्रसिद्ध झालं. त्याच भागातल्या पाडल्या गावाजवळ अंड्यात अंडं असलेलं एक अंडं मिळालं होतं. कोंबडी क्वचित असं अंडं घालते. ही खोड पक्ष्यांचीच, असं मानलं जात होतं. ती डायनोसॉरपर्यंत मागे गेली. आणि याच पाडल्यात लोक कितीतरी काळ गोल दगड ‘काकड भैरव’ म्हणून शेतात पुजत होते, तीच अंडी असल्याचं तज्ज्ञांनी सांगितल्याची बातमीही २०२३ मध्येच आली. ती सांभाळायला तिथे कोणता अधिनियम होता? देवाला अंडं म्हटल्यावर गावकऱ्यांना काय वाटलं, हे मात्र कोणत्याच बातमीत नव्हतं.

लोक दगड दाखवतात, फक्त दाखवायला जागा हवी. ऑगस्ट २०२५ मध्ये जैसलमेरकडच्या मेघा गावात तलाव खोदताना सांगाडा दिसला, गावकऱ्यांनी फोटो फिरवले, भूवैज्ञानिक पोहोचले. डायनोसॉरचा गवगवा झाला, पण तो निघाला मगरीसारखा दिसणारा फायटोसॉर. त्याच्या नाकपुड्या मगरीसारख्या तोंडाच्या टोकाला नसतात, डोळ्यांजवळ असतात. त्याचा एक भाऊबंद आमच्या खोऱ्यातलाच. प्राणहिता-गोदावरीच्या खडकांतला पॅरासुकस हिस्लोपी, म्हणजे नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजला ज्यांचं नाव आहे त्याच पाद्री हिस्लॉप यांच्या नावाचा. तिथल्या मलेरी नावाच्या खडकथरांत याचे दोन सांगाडे सापडले, दोघांच्याही पोटात गिळलेला सरडासदृश प्राणी तसाच. कोणी नीट बघून काढले म्हणून पोटातलं पोटात राहिलं. जेसीबीने काढले असते तर?

म्हणून मागणी अशी. १८७८ चा गुप्तधनाचा कायदा अजून पुस्तकात आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं धन सापडलं तर कलेक्टरला कळवायचं, आणि सापडवणाऱ्याचा वाटा त्यात धरलेला आहे. इंग्रजांना जे सुचलं ते आपल्या मसुद्यात आणा. कळवणाऱ्याला बक्षीस आणि लेखी पावती द्या. जिथे जमीन घ्यावीच लागत नाही तिथे पेरणी चालू ठेवून अभ्यास होईल, असं कलमात स्पष्ट लिहा. पिजदुऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या तसंच चाललंय. आणि कळवायची जागा तालुक्याला असू द्या. जीएसआयचं नागपूरचं कार्यालय आम्हाला शंभर किलोमीटरवर आहे.

दुसरं, कोळसा सोडला तर बहुतेक खाणी आपल्याच खात्याच्या. खोदणारा आणि जपणारा एकाच छताखाली असेल, तर काम थांबवायचा हुकूम कोणी कोणाला द्यायचा? मसुद्यावर शास्त्रज्ञांनीही वेगळ्या स्वतंत्र प्राधिकरणाची मागणी केली आहे, ती बाजूला सारू नये.

तिसरं छोटं आहे. पिजदुऱ्यात सापडलेल्या जुन्या सापाचं नाव मॅडत्सोइया पिसदुरेन्सिस आहे. गावाच्या शाळेत त्याचं एक चित्र लागावं. मूळ हाडं कुठेही ठेवा.

माझ्या खिडकीत सध्या अकरा दगड आहेत. प्रत्येकाखाली चिठ्ठी आहे: कोणाचं वावर, कोणत्या धुऱ्यापासून किती पावलं, कोणत्या महिन्यात. कायदा झाल्यावर ते ताब्यात घ्यायला माणूस पाठवलात तर माझी हरकत नाही. फक्त त्याला चिठ्ठ्याही सोबत न्यायला सांगा.

आपला,
वरोरा तालुक्यातला एक निवृत्त शिक्षक